पाणी दिलेले पोलाद आणि मुरवलेले ॲल्युमिनियम

१/
मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर खर्डी सोडले की कसाऱ्याआधी उंबरमाळी लागते. पुढे थळ घाटाची, म्हणजेच कसारा घाटाची चढण सुरू होते. या भागातील रस्त्यांवर दोन जातींच्या सायकली दिसतात : एक काळी, जड, पोलादी, दुसरी जाड नळ्यांची, हलकी, ॲल्युमिनियमची. पहिलीची फ्रेम तडकली तर तालुक्याच्या बाजारातला वेल्डर ती जोडून देतो. दुसरीची तशीच जोडली तर ती पुढच्या उतारावर दगा देऊ शकते. हा फरक कसा निर्माण झाला, त्याचा हा इतिहास.

२/
शहापूर–मुरबाडकडे कोयता हे घरोघरीचे हत्यार. लोहार त्याची धार तापवून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी दिले की पोलाद त्याच क्षणी कठीण होते. हे ज्ञान शेकडो पिढ्यांचे आहे. तापवून विझवलेला धातू कठीण होतो, अशी माणसाची समजूत त्यातूनच घट्ट झाली. ॲल्युमिनियमने ती उलटी केली.

३/
१८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची रीत शोधली आणि हा महागडा धातू स्वस्त झाला. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवण्याचे काम सुरू केले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ही भांडी ‘जर्मनची’ म्हणून ओळखली गेली.

४/
जर्मनच्या पातेल्याला पोचा लवकर येतो, हे प्रत्येक घराला ठाऊक. भांड्याचे ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असते आणि शुद्ध ॲल्युमिनियम नरम असते. तरीही १८९०च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुइस येथे ‘लु-मि-नम’ नावाची ओतीव ॲल्युमिनियमची सायकल विकली गेली. गंज नाही, वजन कमी, हे तिचे आकर्षण होते. पण नळीच्या पातळ फ्रेमला लागणारी ताकद या धातूत कशी आणावी, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

५/
उत्तर सापडले जर्मनीतच, आणि तेही सायकलीसाठी नव्हे. धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म हे काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना पर्याय शोधत होते. १९०६ साली त्यांनी सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले. त्या वेळी ते फारसे कठीण निघाले नाही. मधली सुट्टी संपल्यावर तोच तुकडा पुन्हा तपासला, तर त्याचा कठीणपणा स्पष्टपणे वाढलेला होता. मधल्या काळात त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

६/
म्हणजे पाणी दिल्यावर पोलाद कठीण होते, तर हे ॲल्युमिनियम आधी नरम राहते आणि मग नुसते ठेवल्याने कठीण होत जाते. लोणचे मुरावे तसे ते मुरते. विल्म यांच्या शोधातून ‘ड्युरॅल्युमिन’ हा मिश्रधातू आला आणि झेपेलिन वायुनौकांचे सांगाडे त्यातून घडले. मात्र हे मुरणे नेमके कशामुळे होते, याचा उलगडा व्हायला पुढील काही दशके जावी लागली.

७/
१९१९ साली अमेरिकेत पॉल मेरिका आणि सहकाऱ्यांनी खुलासा मांडला : उष्णतेने धातूत विरघळलेले तांबे विझवताना आत अडकून पडते आणि नंतर अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर येऊ लागते. हे कण धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. १९३८ साली फ्रान्सचे आंद्रे गिनिये आणि इंग्लंडचे जॉर्ज प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या आधारे त्याचा पुरावा स्वतंत्रपणे दिला.

८/
सायकलीच्या दृष्टीने महत्त्वाचा मिश्रधातू १९३५ साली अमेरिकेत आला. आज तो ६०६१ या क्रमांकाने ओळखला जातो. त्यात सुमारे १ टक्का मॅग्नेशियम आणि ०.६ टक्का सिलिकॉन असते. नरम अवस्थेत तो सुमारे ५५ मेगापास्कल ताणाला कायमचा वाकतो. तोच सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून, विझवून, मग १७५ अंशांच्या आसपास काही तास भट्टीत मुरवला, की ही मर्यादा २७५वर जाते. धातू तोच, ताकद पाचपट. या अवस्थेला ‘टी-६’ म्हणतात.

९/
खरी अडचण होती सांध्यांची. पोलादी फ्रेमच्या नळ्या खोबणीत बसवून पितळेची झाळ देऊन जोडल्या जात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत वरळीला उभ्या राहिलेल्या हिंद सायकल्सच्या काळातली भारतीय सायकल याच घडणीची. तिच्या साध्या पोलादाची ताकद मुरवण्यावर अवलंबून नसते. त्यामुळे झाळेच्या उष्णतेने तिचे फार बिघडत नाही. मुरवलेल्या ॲल्युमिनियमला मात्र तीच उष्णता मारक ठरते : सांध्याभोवतीची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

१०/
म्हणून युरोपातील कारागिरांनी उष्णताच टाळली. १९७२ साली इटलीच्या ‘ॲलन’ कंपनीने नळ्या आटे पाडून आणि चिकटवून जोडल्या. फ्रान्सच्या ‘व्हिटस ९७९’ची फ्रेमही चिकटवलेली होती आणि आयर्लंडच्या शॉन केली यांनी तिच्यावर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. पण या नळ्या पोलादी नळ्यांसारख्याच बारीक होत्या, त्यामुळे जोर लावला की फ्रेम लवचिकपणे डुलत असे.

११/
कारण ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. उपाय भूमितीत होता. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दीडपट केला, तर ताठपणा ३.४ पट होतो. म्हणजे पोलादाची बरोबरी साधते आणि वजन तरीही निम्मेच राहते. १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या गॅरी क्लाइन यांनी हा मार्ग धरला. १९८३ साली कॅननडेल कंपनीने अशा जाड नळ्यांची सायकल बाजारात आणली. आजच्या ॲल्युमिनियम सायकलीचे रूप तिथून ठरले.

१२/
या फ्रेम वेल्डिंगने जोडलेल्या होत्या. वेल्डिंगने गेलेली ताकद परत आणण्यासाठी ६०६१ची पूर्ण फ्रेमच भट्टीत तापवायची, विझवायची आणि पुन्हा मुरवायची. विझवताना फ्रेम वाकडी होते. ती नरम आहे तोवर सरळ करून घ्यावी लागते. हे काम खर्चिक, आणि मोठ्या भट्टीशिवाय अशक्य.

१३/
इथे दुसरा मिश्रधातू पुढे आला : ७००५. त्यात ४ ते ५ टक्के जस्त आणि १ ते १.८ टक्के मॅग्नेशियम असते. तो विझवायला पाणीही लागत नाही, हवेत निवला तरी पुरते. त्यामुळे वेल्डिंगनंतर ५३० अंशांची मोठी भट्टी टळते. कमी तापमानाला मुरवणे पुरेसे होते. त्याची मर्यादा सुमारे २९० मेगापास्कल, म्हणजे ६०६१हून किंचित अधिक. १९९०च्या दशकात स्वस्त ॲल्युमिनियम सायकली वाढल्या, त्यात या सोयीचा वाटा आहे.

१४/
मग श्रेष्ठ कोणता? आकड्यांत ७००५ थोडा पुढे. पण ६०६१च्या नळ्यांना हवा तो आकार देणे सोपे आणि गंजाला तो अधिक टिकाऊ. ७०७५ या दोघांहून कितीतरी बळकट, पण वेल्डिंगमध्ये तडकतो. म्हणून तो दातेरी चकत्यांसारख्या सुट्या भागांत दिसतो. फ्रेमवर छापलेला क्रमांक मिश्रधातूचे कूळ तेवढे सांगतो. ताकद ठरते ती नळीचा व्यास, भिंतीची जाडी, वेल्डिंगची सफाई आणि मुरवणीवर.

१५/
पोलादाचा आणखी एक गुण आहे. ठरावीक मर्यादेखालचे धक्के ते कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी तळमर्यादा नाही. प्रत्येक लहान धक्का कुठेतरी जमा होतो. त्यामुळे त्याची फ्रेम मुळातच अधिक भक्कम बांधावी लागते. उलट शहापूरच्या पावसाळ्यात पोलादी नळी आतून गंजते, ॲल्युमिनियम तसे खात नाही. दोन्ही धातूंची आयुष्ये वेगवेगळ्या कारणांनी संपतात.

१६/
ॲल्युमिनियमचे खनिज मराठी मुलखाला परके नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या पठारांवर बॉक्साइट निघते आणि बेळगावच्या कारखान्यात त्यावर प्रक्रिया होते. वेल्डिंग करणारे कुशल हातही तालुक्या-तालुक्यांत आहेत. तालुक्याच्या दुकानात नसते ती मुरवणीची भट्टी. तिच्याविना ६०६१वरचा वेल्ड बाहेरून कितीही नेटका दिसला, तरी त्याच्या शेजारची नळी पातेल्याच्या वाटेने नरम झालेली असते.

१७/
म्हणून घाटाखालच्या गावात शाळेला, बाजाराला, दुधाच्या फेरीला लागणारी सायकल निवडताना वजनाइतकाच दुरुस्तीचा प्रश्न मोठा आहे. पोलादी फ्रेम चढावर दमवते, पण तडकली तर गावातच उभी राहते. ॲल्युमिनियमची फ्रेम चढ सोपा करते. तडा दिसला की मात्र ती जोडायची नाही, बदलायची. लोहाराचे पाणी गावात मिळते. विल्मची मुरवण अजून कारखान्यातच आहे.