तारांखालचे घर : एका संशयाचा इतिहास



मूल आजारी पडले की आईबाप प्रथम कारण विचारतात. ताप, गोवर, कावीळ यांचे कारण वैद्याला सांगता येते. परंतु रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने, ग्रासलेल्या मुलाच्या बापाने ‘माझ्याच मुलाला हा रोग का?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा वैद्याला मौन पत्करावे लागते. हे मौन असह्य असते, आणि मग मन घराभोवती फिरून एखादा अपराधी शोधू लागते. गेल्या अर्धशतकात अशा एका संशयित अपराध्याची मोठी चौकशी झाली. तो अपराधी म्हणजे घरावरून जाणारी विजेची तार. त्या चौकशीचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९७४च्या सुमारास नॅन्सी वर्थायमर नावाच्या विदुषी डेन्व्हर शहराच्या गल्ल्यांतून हिंडू लागल्या. १९५० ते १९७३ या काळात कर्करोगाने दगावलेल्या मुलांचे पत्ते त्यांनी मिळविले होते. मृत्यूंच्या नोंदींवरून असा शोध घेता येत होता, यातच त्या काळचे दुःख सामावलेले आहे. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली औषधाने काही मुलांना तात्पुरता उतार पाडून दाखविला होता. तथापि पुढेही कित्येक वर्षे ल्युकेमियाची नोंद आणि मृत्यूची नोंद यांत फारसे अंतर राहत नसे.

त्या घरांजवळ ट्रान्सफॉर्मर आणि जाड तारा वारंवार आढळतात, असे बाईंच्या ध्यानात आले. एड लीपर या पदार्थविज्ञानाच्या जाणकाराने त्यांना साहाय्य केले. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र विजेच्या दाबावर अवलंबून नसते. ते तारेतून किती प्रवाह वाहतो यावर ठरते, आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. जुन्या घरांतील वीस वर्षांपूर्वीचे क्षेत्र मोजणे तर शक्य नव्हते. म्हणून तारांची जाडी, मांडणी व घरापासूनचे अंतर पाहून या दोघांनी घरांची वर्गवारी केली. दगावलेली ३४४ मुले आणि तुलनेसाठी घेतलेली तितकीच इतर मुले यांचा हिशेब १९७९ साली प्रसिद्ध झाला. जास्त प्रवाहाच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक दिसत होते.

आक्षेप तत्काळ आले, आणि ते वाजवी होते. घराची वर्गवारी करणाऱ्यालाच ते रुग्णाचे घर आहे हे ठाऊक असेल, तर नकळत त्याची नजर झुकते. शिवाय घरात आढळणारे क्षेत्र बहुधा एका मायक्रोटेस्लाहून पुष्कळच कमी, आणि पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र पंचवीस ते पासष्ट मायक्रोटेस्ला! पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असते व तारेचे क्षेत्र सेकंदाला पन्नास-साठ आवर्तने घेते, हा भेद खरा. परंतु इतक्या मंद आवर्तनांच्या क्षेत्रात पेशीतील रासायनिक बंध तोडण्याचे सामर्थ्य नसते.

म्हणून प्रश्न हसण्यावारी गेला काय? नाही. डेव्हिड सॅविट्झ यांनी डेन्व्हरमध्येच पुन्हा पाहणी केली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत संबंध पुसट झाला, पण पुरता नाहीसा झाला नाही. पुढच्याच वर्षी पॉल ब्रोडर यांची लेखमाला ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली, आणि जो विषय अभ्यासकांचा होता तो घरोघरचा झाला. स्वीडनमध्ये लोकवस्तीची व वीजवाहिन्यांची जुनी दप्तरे नीट जपलेली होती. त्यांच्या आधारे मारिया फायख्टिंग व आंडर्स आल्बोम यांनी उच्च दाबाच्या तारांपासून तीनशे मीटरांच्या आत राहिलेल्यांचा अभ्यास करून १९९३ साली तो मांडला. अधिक क्षेत्रात ल्युकेमिया सुमारे २.७ पट दिसला. परंतु हा सारा डोलारा उभा होता ३९ रुग्णांपैकी अवघ्या सात मुलांवर. दोन मुले कमी भरती, तर निष्कर्षाचा रंगच पालटता.

१९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ६३८ रुग्ण मुले व ६२० निरोगी मुले घेऊन प्रत्यक्ष घरांत मोजमाप केले. तारांच्या वर्गवारीशी रोगाचा काहीच संबंध दिसला नाही. मग पूर्वीच्या पाहण्यांत तो का दिसला असावा? एक कारण असे संभवते, की रुग्णाचे आईबाप मोजणाऱ्याला दार उघडतात, पण निरोगी मुलांपैकी गरीब, भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे पुष्कळदा नकार देतात. आणि जाड तारांच्या कडेला बहुधा अशाच कुटुंबांची वस्ती असते. त्यामुळे तुलनेच्या पारड्यात सुखवस्तू घरेच अधिक पडतात. या मंडपात बसलेल्या श्रोत्यांवरून कोणी सबंध शहराच्या साक्षरतेचे प्रमाण काढले, तर त्याची जी फसगत होईल, तशीच ही.

२००० साली आल्बोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पाहण्यांतील ३,२०३ रुग्ण मुलांची माहिती एकत्र केली. ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली धोका वाढलेला दिसला नाही. त्यावर तो सुमारे दुप्पट दिसला, पण इतक्या क्षेत्रात राहणारी मुले शेकडा एकाहूनही कमी होती. या आधारावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली या क्षेत्राला ‘कर्करोगकारक असणे शक्य’ अशा वर्गात घातले. ‘शक्य’ या शब्दाचा अर्थ ‘सिद्ध’ नव्हे, हे सांगूनही अनेकांना पटले नाही. प्राण्यांवरील प्रयोगांतून त्या संशयाला बळ मिळालेले नव्हते.

उलगड्याचा मोठा धागा इंग्लंडने दिला. तेथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जन्माच्या वेळी तारांपासून दोनशे मीटरांच्या आत राहणाऱ्या मुलांत धोका सुमारे १.७ पट आढळला. परंतु दोनशे ते सहाशे मीटरांवरही तो थोडा वाढलेलाच होता, आणि तेथवर तारेच्या क्षेत्राचा प्रभाव पोहोचतच नाही. २०१४ साली हाच हिशेब अधिक वर्षे घेऊन पुन्हा केला, तेव्हा १९६०च्या दशकातील वाढ १९८०नंतर मावळत गेलेली दिसली. चुंबकीय क्षेत्राचा स्वभाव दशकागणिक पालटत नाही. पालटते ती तारांजवळची वस्ती. कारण तारेत नसून, तारेखाली कोण राहत होते यात दडले असावे, असा तर्क त्यावरून बळावला. अलीकडच्या पाहण्यांच्या २०२२ सालच्या एकत्रित हिशेबातही वाढीव धोका दिसला नाही.

मग वर्थायमर बाईंचे श्रम फुकट गेले काय? माझे मत तसे नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि ज्यांनी तो खोडून काढण्यासाठी मोजमाप केले त्यांनीच त्याचा खरा मान राखला. ‘विज्ञानाने सिद्ध केले’ असे दोन्ही बाजूंनी घाईने म्हणणारे मात्र या इतिहासात वारंवार तोंडघशी पडलेले दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दिलेला सल्ला मला समंजस वाटतो : नव्या वाहिन्या बांधताना थोड्या खर्चात क्षेत्र कमी करता येत असेल तर जरूर करावे, परंतु विजेचे लाभ गमवावे लागतील असे काही करू नये.

आणि त्या बापाला काय सांगावयाचे? घर तारेजवळ घेतले म्हणून मूल आजारी पडले, असे म्हणण्यास आज आधार नाही. हा दोष त्याने स्वतःच्या माथी घेऊ नये. ज्या रोगाने १९५० साली जवळजवळ प्रत्येक मूल जाई, त्यातून श्रीमंत देशांत आज दहांपैकी नऊ मुले वाचतात. आपल्याकडे निदानाला लागणारा उशीर आणि पैशांअभावी अर्ध्यावर सुटणारे उपचार यांनी मुले हातची जातात. आपल्या काळजीला आणि लोकवर्गणीला कामाची जागा हवी असेल, तर ती रुग्णालयाच्या त्या खाटेपाशी आहे.