रेडियमची पट्टी आणि रस्त्यावरचा माणूस

नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव, उमरखेड, महागावमार्गे यवतमाळकडे. राष्ट्रीय महामार्गांच्या हिशेबात हे 161 आणि 361. गेल्या काही वर्षांत हे रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला आणि त्यासोबत आपल्या भागात एक कपडा आला. पिवळं किंवा नारिंगी, बिनबाह्यांचं, छातीवर चमकणाऱ्या पट्ट्या असलेलं जॅकेट. झेंडी दाखवणारा, डांबर पसरवणारा, टोलनाक्यावर उभा राहणारा, सगळ्यांच्या अंगावर ते दिसतं. आपण त्याला ‘रेडियमचं जॅकेट’ म्हणतो.

इतक्या साध्या कपड्याला काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण तो आहे. आणि तो माहीत असला तर जॅकेट घेताना फसगत होत नाही. फसगत झालीच तर इथे पैशापेक्षा मोठं नुकसान होतं.

वेग आला, मग जॅकेट आलं

आपल्या आजूबाजूचे कितीतरी जुने रस्ते 1972च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून तयार केले. बायाबापड्या, मुलंबाळं दिवसभर उन्हात बसून दगड फोडायची आणि संध्याकाळी सुकडी घेऊन घरी जायची. त्यांच्या अंगावर कसलं जॅकेट नव्हतं. त्या रस्त्यावरून बैलगाडी जायची आणि दिवसातून मोजक्या एसट्या. गाडीचा आवाज आला की माणूस उठून बाजूला व्हायचा. सांभाळून राहण्याची जबाबदारी पूर्णपणे मजुराची होती.

जिथे वेग आधी आला तिथे हा प्रश्नही आधी आला, म्हणजे रेल्वेत. निजामाच्या रेल्वेची पूर्णा ते हिंगोली मीटरगेज लाइन 1912 साली सुरू झाली. लाइनवर काम करणाऱ्या गँगमनकडे तेव्हा सगळीकडे लाल झेंडी, कंदील आणि स्वतःचे कान एवढीच साधनं असत. वाफेचं इंजिन दुरूनच ओरडत यायचं. पुढे विजेच्या गाड्या आल्या, त्या वेगवान होत्या आणि शांतही. कानांवरचा भरवसा संपला. म्हणून 1964 साली ब्रिटिश रेल्वेने स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, विजेच्या गाड्या धावणाऱ्या एका टप्प्यावर, लाइनवरच्या कामगारांना झगझगीत नारिंगी जॅकेटं घालून पाहिली. ती दिसतात का, हे ड्रायव्हरांना सांगायला लावलं.

ही छोटी गोष्ट मला फार मोठी वाटते. तोवर प्रश्न असायचा, ‘मजुराला गाडी दिसली का?’ आता प्रश्न झाला, ‘ड्रायव्हरला मजूर दिसला का?’ जबाबदारी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकली.

नजर, मंझर, मनाझिर

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दांकडे वळतो. नजर, नजारा, मंझर हे एकाच अरबी धातूचे शब्द. त्याच धातूपासून एका ग्रंथाचं नाव आलं, ‘किताब-अल-मनाझिर’. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न-अल-हैसम यांनी तो अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असं युक्लिडपासून अनेक जाणकार मानत होते. इब्न-अल-हैसम यांनी दाखवलं की उलट आहे, वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो तेव्हा ती दिसते. म्हणजे डोळे उघडे असले म्हणून समोरचा माणूस दिसेलच असं नाही. त्याच्यावरून पुरेसा प्रकाश आपल्यापर्यंत पोचला पाहिजे.

जॅकेट हेच काम दोन वेगळ्या युक्त्यांनी करतं. ग्राहकाची फसगत नेमकी या दोन युक्त्यांची गल्लत झाल्याने होते.

पहिली युक्ती दिवसाची. सूर्यप्रकाशातले जे अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, ते काही रंग शोषून घेतात आणि दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतात. या गुणाला 1852 साली जॉर्ज स्टोक्स यांनी ‘फ्लोरेसन्स’ हे नाव दिलं. अमेरिकेतल्या बर्कले गावात 1933 साली बॉब स्विट्झर नावाच्या तरुणाच्या डोक्याला कामावर अपघातात मार लागला. दृष्टी अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. तिथली रसायनं अतिनील दिव्याखाली धरून बॉब आणि त्याचा भाऊ ज्यो यांनी चमकणारे रंग शोधले. त्यातूनच पुढे ‘डे-ग्लो’ रंग आले. दुसऱ्या महायुद्धात आपलं सैन्य विमानातून ओळखू यावं म्हणून या रंगांची कापडं वापरली गेली. कामावर जखमी झालेल्या माणसाच्या अंधाऱ्या खोलीत शोधलेला रंग आज कामगाराच्या पाठीवर आहे.

दुसरी युक्ती रात्रीची. रात्री सूर्य नसतो, म्हणून झगझगीत पिवळा रंगही मळकट दिसतो. तिथे पट्टी लागते. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी असतात, ते हेडलाइटचा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी 1934 मध्ये रस्त्यात बसवायच्या ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं, त्यामागेही उजेड परत पाठवण्याचंच तत्त्व होतं. त्याच दशकाच्या अखेरीस थ्रीएम कंपनीने काचेच्या मण्यांचा चमकणारा पत्रा रस्त्यांच्या फलकांसाठी आणला. नंतर तो कपड्यावरही आला.

या पट्टीत रेडियम अजिबात नाही. रेडियम हा किरणोत्सारी धातू. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाचे काटे अंधारात दिसावेत म्हणून तो रंगात मिसळत, आणि अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या कित्येक मुली त्याने दगावल्या. फाट्यावरच्या नंबरप्लेटच्या दुकानात मात्र हे नाव कायम राहिलं आहे. रेडियम स्वतः चमकायचं, आपली पट्टी फक्त उजेड परत करते.

जॅकेट ओळखायचं कसं

माझा एक जुना विद्यार्थी रस्त्याच्या कामावर रात्रपाळीत झेंडी दाखवतो. त्याने त्याचं जॅकेट मला आणून दाखवलं. पिवळं, स्वच्छ, पट्ट्याही होत्या. आम्ही खोलीत अंधार केला, तो दहा-बारा पावलांवर उभा राहिला आणि मी मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून त्याच्यावर मारला. पट्टी पांढरी उजळायला हवी होती. ती राखाडीच राहिली. ती नुसती चंदेरी कापडाची होती. ते घालून तो रोज रात्री ट्रकांसमोर उभा राहत होता.

ही परीक्षा कुणालाही करता येते. टॉर्च डोळ्याजवळच धरायचा, कारण उजेड निघाला तिथेच परत येतो. बाजूला उभ्या माणसाला चांगली पट्टीही फिकी दिसते.

बाकी गोष्टी नियमांत लिहिलेल्या आहेत. युरोपने 1994 मध्ये अशा कपड्यांचं मानक ठरवलं. 2013 मध्ये त्याची जागा आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 20471 ने घेतली. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 15809 आहे. जॅकेटच्या आतल्या लेबलवर मानकाचा क्रमांक हवा. आयएसओच्या लेबलवर जॅकेटचं चित्र आणि शेजारी 1, 2 किंवा 3 असा वर्ग असतो. दुसऱ्या वर्गात झगझगीत कापड किमान 0.50 चौरस मीटर आणि पट्टी किमान 0.13 चौरस मीटर लागते, तिसऱ्यात 0.80 आणि 0.20. पट्टीची रुंदी किमान 50 मिलिमीटर. नुसत्या बिनबाह्यांच्या जॅकेटला तिसरा वर्ग मिळत नाही, त्यासाठी पट्ट्यांच्या बाह्या किंवा पूर्ण पँट लागते. यामागे कारण आहे. छातीवरची स्थिर पट्टी ड्रायव्हरला खांब किंवा बॅरिकेड वाटू शकते. हातापायांवरच्या पट्ट्या हलल्या की माणूस आहे हे लगेच कळतं. महामार्गावर रात्री काम असेल तर तिसऱ्या वर्गाचाच आग्रह धरावा.

रंग जागा पाहून घ्यावा. संधिप्रकाशात पिवळा-हिरवा उठून दिसतो. पण पावसाळ्यात हळदीच्या, सोयाबीनच्या हिरव्यागार शेतांमध्ये किंवा पिवळ्या जेसीबीच्या शेजारी तोच रंग हरवतो, तिथे नारिंगी बरा. कितीदा धुवायचं तेही लेबलवर लिहिलेलं असतं. डांबराने काळवंडलेलं, विटलेलं जॅकेट म्हणजे साधा शर्टच.

पैसे कुणी द्यायचे

ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे येते. ड्रायव्हरला दिसून, कळून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन सेकंद गेले तरी 44 मीटर संपले, गाडी थांबायला अजून सुरुवातही झालेली नाही. म्हणून जॅकेट हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी लांबवर सूचनाफलक, शंकू, बॅरिकेड, दिवे हवेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या एसपी 55 या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे हे टप्पे नीट दिले आहेत. फलक न लावता मजुराला जॅकेट घालून उभं करणं म्हणजे जबाबदारी पुन्हा त्याच्याच अंगावर टाकणं.

‘मजूर’ हा फारसी शब्द आहे, ‘मुझ्द’ म्हणजे मोबदला, तो घेणारा. ‘बिगार’ म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेलं काम. ‘मुकादम’ अरबीतून आला, म्हणजे पुढे असलेला. आपल्या मोहल्ल्यांत गवंडी, वेल्डर, सेंट्रिंगवाले, ड्रायव्हर आहेत, तसे छोटे गुत्तेदार आणि मुकादमही आहेत. त्यामुळे ही बाब आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होते. जॅकेटचे पैसे हजेरीतून कापणारा मुकादम तेवढ्यापुरती बिगारच घेतो.

बांधकाम कामगारांसाठी 2025पर्यंत 1996चा केंद्रीय कायदा होता. राज्यात त्यांचं कल्याणकारी मंडळ आहे. 18 ते 60 वयाच्या आणि वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते, नोंदणी झालेल्यांना सुरक्षा संच मिळतो. आपल्या किती तरुणांची ही नोंदणी नाही, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत विचारून पाहावं.

फ्रान्सने 2008 मध्ये प्रत्येक गाडीत असं जॅकेट ठेवणं सक्तीचं केलं. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 2018 मध्ये, महागाईने पिचलेले लोक तीच पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकात उतरले. आम्ही तुम्हाला दिसत नाही ना, मग आता पाहा, असं सांगायला याहून सोपा कपडा त्यांच्या घरात नव्हता.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हाही ईमानचाच भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हिवाळ्यात अंधारात फजरला महामार्गाच्या कडेने जाणारे म्हातारे, पंढरपूरची पायी दिंडी, उसाची ट्रॉली, सगळ्यांना एक खरी पट्टी पुरते. ती घेताना दुकानातच टॉर्च मारून पाहा. आणि तुमच्या हाताखाली चार माणसं कामाला असतील, तर आज रात्री त्यांची जॅकेटंही तशीच तपासा.