मध्यवर्ती नीला-नालशलाका

दंड, मान किंवा जत्रुकाखालील (गळ्याजवळील आडव्या हाडाखालील) नीलेतून आत सरकवून जिचे टोक हृदयाजवळच्या महानीलेत ठेवतात, अशी बारीक, लवचिक नळी. व्यवहारात तिला कॅथेटर म्हणतात. औषधे व पोषक द्राव देण्यासाठी आणि मध्यवर्ती नीलादाब मोजण्यासाठी तिचा उपयोग होतो.

हिच्या इतिहासाचा आरंभच टोकाचे स्थान पडताळण्यापासून होतो. व्हेर्नर फोर्समान (१९०४–७९) या जर्मन वैद्याने १९२९ मध्ये एबर्सव्हाल्डे येथे मूत्रवाहिनीसाठी असलेली नालशलाका स्वतःच्या डाव्या हाताच्या नीलेतून ६५ सेंमी. आत सारली आणि क्ष-किरण कक्षात चालत जाऊन ती उजव्या अलिंदात पोहोचल्याचे छायाचित्र घेतले. आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासमवेत त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोबेर ओबान्याक यांनी १९५२ मध्ये अधोजत्रु नीलेचा मार्ग वर्णिला, तर १९५३ मध्ये स्वीडनच्या स्व्हेन सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकविण्याची पद्धत मांडली. स्टॅन्ली डड्रिक व सहकारी यांनी १९६८ मध्ये या मार्गाने संपूर्ण पोषण देता येते, असे दाखविले. तीव्र द्राव लहान नीलेस अपायकारक ठरतात. महानीलेतील मोठ्या प्रवाहात ते तत्काळ विरल होतात. त्यामुळे नळी दीर्घकाळ शरीरात राहू लागली आणि बसविल्यानंतर टोक कोठे राहते, या प्रश्नास महत्त्व आले.

छायाचित्र एका क्षणाचे, बहुधा उताण्या स्थितीचे असते. रुग्ण उभा राहिला की मध्यपटल व हृदय खाली उतरतात. छातीवरील मऊ ऊतकेही ओघळून जत्रुकाखालील नळीस बाहेर ओढतात. परिणामी टोक हृदयाच्या संदर्भात वर गेलेले दिसते. स्थूल व्यक्तींत आणि स्तन मोठे असलेल्या स्त्रियांत हा फरक अधिक असतो. दीर्घ श्वासानेही असाच परिणाम होतो. दंडातून घातलेल्या नळीचे टोक हात अंगालगत आणल्यास सुमारे २ सेंमी. हृदयाकडे सरकू शकते. मान पुढे वाकविल्यास मानेतील नळी आत जाते. खोकला वा उलटीमुळे छातीतील दाब एकाएकी वाढून, महानीलेत फार वर राहिलेले टोक मानेतील नीलेत वळू शकते. त्वचेशी केलेले बंधन सैल झाल्यास नळी बाहेर सरकते.

टोक आत गेल्यास हृत्स्पंदनात अनियमितपणा येतो. क्वचित भित्ती छेदली जाऊन हृदयावरणात द्राव साचतो व प्राणावर बेतते. वर राहिल्यास रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. डाव्या बाजूने घातलेली आखूड नळी महानीलेच्या उजव्या भित्तीवर आडवी टेकते व ती झिजविते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये टोक हृदयात ठेवू अथवा सरकू देऊ नये, असा इशारा दिला. रक्त-अपोहनाच्या काही नळ्यांचे टोक मात्र हेतुतः उजव्या अलिंदात ठेवतात. इतरत्र ऊर्ध्व महानीलेचा खालचा भाग, अलिंदाशी तिच्या संधीजवळ, सामान्यतः योग्य मानतात. विद्युत् हृल्लेखातील पी-तरंगाची उंची पाहूनही हे स्थान ठरविता येते. तथापि कोणत्याही पद्धतीने निश्चित केलेले स्थान कायमचे नसल्याने बाहेरील लांबीची नोंद ठेवणे व शंका येताच पुन्हा छायाचित्र घेणे आवश्यक असते.