७. धुंधुरमास

सूर्य धनु राशीत असतो तो महिना, म्हणजे धनुर्मास; साधारण १६ डिसेंबर ते १३ जानेवारी. या दिवसांत पहाटे स्वयंपाक करून सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता जेवायला बसायचे, अशी रीत आहे. पानात मुगाची खिचडी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तिच्यावर विरघळू लागलेला लोण्याचा गोळा. 

वर्षातली सर्वांत मोठी रात्र (२१ किंवा २२ डिसेंबर) याच महिन्यात येते आणि खरे उत्तरायण तिथूनच सुरू होते. पंचांगातली मकर संक्रांत मात्र २३-२४ दिवस मागाहून. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्याने दर ७२ वर्षांनी हे अंतर सुमारे एका दिवसाने वाढते. १,७०० वर्षांपूर्वी ते जवळजवळ नव्हतेच.