टॉप गिअरवाला जेरेमी क्लार्कसन : गाड्यांच्या टीव्हीवरून हजार एकराच्या शेतीत

युट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या पोरांना हा उंचापुरा, मोठ्या आवाजाचा इंग्रज चांगलाच माहीत असेल. शेतकऱ्यांना मात्र त्याची दुसरी बाजू जास्त कामाची आहे, म्हणून ही माहिती.

जेरेमी क्लार्कसनचा जन्म ११ एप्रिल १९६० चा, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. घरचा धंदा कापडी खेळण्यांचा. पॅडिंग्टन नावाच्या गोष्टीतल्या अस्वलाची खेळणी आईवडिलांनी बनवली आणि ती तुफान खपली. त्या पैशावर पोरगा रेप्टन नावाच्या महागड्या शाळेत गेला, आणि तिथून त्याला काढूनही टाकलं. मग रॉदरहॅमच्या स्थानिक पेपरात उमेदवारी. म्हणजे सुरुवात आमच्यासारखीच, तालुक्याच्या बातम्यांपासून.

बीबीसीच्या 'टॉप गिअर' या गाड्यांच्या कार्यक्रमात तो १९८८ साली आला, १९९९ ला सोडून गेला. २००२ मध्ये शाळेतला दोस्त अँडी विल्मन याच्यासोबत तोच कार्यक्रम नव्या रूपात आणला. रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे जोडीदार मिळाले आणि कार्यक्रम जगभर गाजला. मायलेज, डिकी, किंमत एवढंच सांगत बसण्यापेक्षा तिघं गाड्या घेऊन कुठंही घुसायचे, एकमेकांची टिंगल करायचे.

२०११ च्या डिसेंबरात त्यांचा भारतातला खास भाग दाखवला गेला. मुंबईत डब्बेवाल्यांपेक्षा लवकर डबे पोचवायचा प्रयत्न त्यांनी केला. कसला जमतोय! पण क्लार्कसनने जग्वार गाडीच्या मागं संडास बसवून आणला होता. त्यावरून भारताच्या लंडनमधल्या उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली. तोंडाला लगाम नाही ही त्याची जुनी खोड, आणि कधी कधी हातालाही नाही. मार्च २०१५ मध्ये शूटिंग संपल्यावर हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून त्याने एका निर्मात्याला मारलं. बीबीसीने करार पुढं वाढवला नाही. नंतर माफी आणि भरपाई द्यावी लागली.

काम मात्र थांबलं नाही. २०१६ पासून २०२४ पर्यंत अ‍ॅमेझॉनवर 'द ग्रँड टूर' चाललं. २०१८ पासून तो तिकडचा करोडपती चालवतो. आपला केबीसी ज्या इंग्रजी कार्यक्रमावरून आला, तोच तो.

आता शेतीचं. ऑक्सफर्डशायरमध्ये त्याने २००८ साली सुमारे एक हजार एकर जमीन घेतली होती. गावातला एक शेतकरी ती कसायचा. तो २०१९ ला निवृत्त झाला, तेव्हा क्लार्कसन म्हणाला, मीच करतो. लॅम्बोर्गिनीचा भला मोठा ट्रॅक्टर घेतला. शेतीतलं शून्य ज्ञान. फवारणीसाठी सोडायच्या पट्ट्या चुकल्या. केलेब कूपर हा गावातलाच विशीतला पोरगा त्याला कॅमेऱ्यासमोर धडाधड बोलायचा, आणि हा ऐकून घ्यायचा. त्या वर्षी पेरणीच्या टायमाला पावसाने वाफसाच दिला नाही, पुढं वसंतात पावसाने ओढ दिली, वरून लॉकडाऊन. वर्षाअखेर सल्लागार चार्ली आयर्लंडने हिशेब मांडला तेव्हा शिल्लक निघाली १४४ पौंड. म्हणजे त्यावेळचे साधारण साडेचौदा हजार रुपये. एक हजार एकरात! आपल्याकडं दोन एकरवाल्याला हे ऐकून हसू येईल आणि लगेच जाईलही.

हे सगळं 'क्लार्कसन्स फार्म' म्हणून जून २०२१ मध्ये प्राईम व्हिडिओवर आलं. तिकडचे शेतकरी जे वर्षानुवर्षं सांगत होते, ते शहरातल्या लोकांना एका गाडीवाल्यामुळं कळलं. अर्थात त्याला टीव्हीचे पैसे मिळतात, शेजारच्याला मिळत नाहीत, हेही खरं. शेतावरचं दुकान चाललं, पण गर्दीमुळं गाव वैतागलं आणि हॉटेलला परिषदेने परवानगी नाकारली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या हृदयात स्टेंट बसवली. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने दहा लाख पौंडांवरच्या वारसाहक्काच्या शेतजमिनीवर २० टक्के कर जाहीर केला. १९ नोव्हेंबरला लंडनमध्ये हजारो शेतकरी रस्त्यावर आले, त्यात हाही होता. पण वारसा कर वाचतो म्हणून जमीन घेतली, असं त्याने स्वतःच पूर्वी सांगितलेलं. बीबीसीच्या पत्रकार बाईंनी तिथंच तो प्रश्न विचारला आणि गडी चिडला. प्रश्न रास्त होता. जी सवलत बापजाद्यांची जमीन टिकावी म्हणून आहे, तिचा फायदा पैसेवाले घेतात आणि सवलत गेली की मार खऱ्या कुळंब्याला बसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्याच्या गोठ्यात जनावरांचा टीबी निघाला. निकाल पॉझिटिव्ह आलेल्यांत एक गाभण गाय होती, पोटात जुळी वासरं. लम्पीच्या वेळी आपले बैलबाजार बंद झाले होते, तसंच तिथं जनावरांच्या ने-आणीवर बंदी आली. साठ-साठ दिवसांच्या अंतराने तपासण्या साफ आल्याशिवाय ती उठत नाही.