म्हातारी डिझेल गाडी: ठेवावी की मोडावी?

आमच्या घरी एक डिझेल गाडी आहे. २०११ साली साताऱ्यात घेतलेली; म्हणजे २०२६ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरतात. पुढे चालवायची तर फेरनोंदणी, पर्यावरण कर, तपासणी हे सारे आले. गॅरेजवाला म्हणतो, "सर, इंजिनाला काही झालेलं नाही, अजून पाच वर्षं हलणार नाही." घरातली नववीतली मुलगी म्हणते, "पण धूर किती सोडते!" आणि शेजारचे निवृत्त बँक अधिकारी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड करून सांगतात, की वर्षाला पाच हजार किलोमीटरसुद्धा न धावणाऱ्या माणसाने नवी गाडी घेणे हा वेडेपणा आहे. तिघांचेही म्हणणे खरे आहे. फक्त प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. या पट्ट्या आल्या कुठून, हे शोधताना आम्ही डिझेल इंजिनाच्या इतिहासात शिरलो, आणि तो इतिहास म्हणजे बदलत्या पट्ट्यांचाच इतिहास निघाला.

पहिली पट्टी खुद्द रुडॉल्फ डिझेलची. म्युनिकला कार्ल लिंडे यांच्या व्याख्यानात या विद्यार्थ्याने ऐकले, की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावते. बाकीची वाया जाते. ही उधळपट्टी थांबवायचीच, असे त्याने मनावर घेतले. १८९२मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना सोपी होती. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या जोरात रेटला, की पंप गरम लागतो. हवा याहून कितीतरी जास्त दाबली, तर ती इतकी तापेल की त्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेईल. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली, तेव्हा दाब मोजणारे उपकरणच फुटले. पुढे साडेतीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. त्या काळी याला तोड नव्हती. इंजिनाच्या मागून काय बाहेर पडते, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. धुराड्यांच्या त्या युगात ते सुचण्याजोगेही नव्हते.

हे इंजिन आधी कारखान्यांत आणि जहाजांत स्थिरावले. मोटारीत बसण्याइतके लहान व्हायला त्याला चाळीस वर्षे लागली. १९३६च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडिझ-बेंझची २६०-डी आली आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. गाडी दिवसभर फिरवणाऱ्याला लिटरमागचे किलोमीटर मोजावेच लागतात. १९७३च्या तेलसंकटानंतर तीच पट्टी सामान्य घरांतही पोचली.

आपल्याकडे मात्र इंजिनाच्या गुणाइतकाच भावाचाही भाग होता. ट्रक, एसटी आणि शेतीचे पंप यांच्यासाठी सरकारने डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवले होते. १९८०च्या सुमारास डिझेलची ॲम्बेसिडर आली, १९९८च्या अखेरीस पुण्याची इंडिका आली, आणि शेतकऱ्यासाठी ठेवलेली सवलत मोटारीच्या टाकीत जाऊ लागली. जून २०१०मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले, डिझेलचे मात्र बांधलेलेच राहिले. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर, तर डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. आमची खरेदी याच काळातली, आणि तिच्यामागे काही थोर वैज्ञानिक विचार होता असे सांगणे खोटेपणाचे ठरेल. शेजारी, नातेवाईक, सहकारी सगळे डिझेल घेत होते, आम्हीही घेतली. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे भावही मोकळे झाले आणि गाडी घेण्यामागचे मुख्य कारण तीनच वर्षांत विरले. गाडी मात्र दारात उभीच होती.

आता धुराकडे वळू. शिक्षकांना वर्गात सांगता येईल असा हा भाग आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधी मिसळून मग ठिणगी पडते. डिझेल इंजिनात तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सुटतो. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन भरपूर आणि ऑक्सिजन अपुरा असतो. तिथे कार्बन पुरता जळत नाही आणि काजळी होते. फवाऱ्याच्या कडेला ऑक्सिजन मुबलक आणि तापमान फार जास्त असते; तिथे हवेतला एरवी सुस्त असलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. तापमान वाढवले तर काजळी घटते, पण ही ऑक्साइडे वाढतात. तापमान उतरवले तर उलट होते. एक उशी दाबली की दुसरीकडून फुगते, तसा हा प्रकार आहे. इंजिनाच्या आत दोन्ही एकदम आटोक्यात आणणे फार कठीण, म्हणून धूर बाहेर पडण्यापूर्वी गाळावा आणि धुवावा लागतो.

या धुराची पट्टी दिल्लीत आणि मुंबईत न्यायालयांतून आली. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली केलेल्या याचिकेवर २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश दिला. २९ एप्रिल १९९९च्या आदेशाने राजधानी परिसरात महिन्याला फक्त २५० नव्या डिझेल मोटारींच्या नोंदणीची मर्यादा काही काळ घातली. मुंबईतही धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि जुन्या टॅक्स्यांना सीएनजीची वाट धरावी लागली. तेव्हाचा वाद आठवत असेल: इंधन बदलायचे, की आहे तेच इंधन स्वच्छ करायचे? सप्टेंबर २००१मध्ये सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या म्हणण्याचा गाभा असा: किती धूर चालेल ते सरकारने ठरवावे आणि त्याला साजेशी इंधनाची प्रत ठरवावी, अमुकच इंधन वापरा, अमुकच यंत्र बसवा, असे सांगू नये. दिल्लीच्या बसगाड्यांपुरते न्यायालयाने एप्रिल २००२मध्ये हे मानले नाही, आणि त्या वेळच्या दिल्लीचा धूर पाहता न्यायालयाची घाई समजण्यासारखी होती. पण पुढची वीस वर्षे देश चालला तो बव्हंशी समितीच्या वाटेनेच.

ती वाट म्हणजे 'भारत स्टेज' मानके. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे किती काजळी सोडता येईल? तिसऱ्या टप्प्यात ०.०५ ग्रॅम, चौथ्यात ०.०२५ आणि सहाव्यात ०.००४५. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे आकडे याच क्रमाने ०.५०, ०.२५ आणि ०.०८. डिझेलमधले गंधकही ३५०वरून ५० आणि मग दशलक्ष भागांत १० भागांवर आले. गंधक काढणे का महत्त्वाचे? धूर धुणाऱ्या उत्प्रेरकांना ते निकामी करते. म्हणजे आधी तेलशुद्धीकरण कारखाने बदलायचे, मगच गाड्या बदलता येणार.

इथे आमच्या गाडीची खरी गोष्ट सुरू होते. चौथा टप्पा १ एप्रिल २०१० रोजी फक्त १३ शहरांत लागू झाला. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, सातारा नव्हते. साऱ्या देशात तो यायला १ एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे २०११ साली पुण्यात नोंदलेली गाडी चौथ्या टप्प्याची, आणि तेव्हाच साताऱ्यात नोंदलेली आमची गाडी तिसऱ्या टप्प्याची! दोघी सारख्याच वयाच्या, पण एकीला दुसरीच्या दुप्पट काजळीची मुभा. वय विचारून धूर कळत नाही, याचा याहून सरळ पुरावा आम्हाला कुठे शोधावा लागला नाही. तो नोंदणीच्या कागदावरच होता.

दिल्लीने मात्र पट्टी निवडली ती वयाची. ७ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा प्रयोग सुरू झाला आणि ओरड होताच काही दिवसांत थांबला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे म्हटले, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण चौथ्या व त्यापुढच्या टप्प्यांच्या गाड्यांपुरते राखले. दहा वर्षांनी गाडी पुन्हा मानकांपाशी आली. वय मोजायला सोपे असते, हे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल. पोलिसाला रस्त्यावर उभे राहून जन्मसाल वाचता येते, काजळी वाचता येत नाही.

मानकांवर तरी किती विसंबावे? २०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्यांच्या मागे मोजयंत्रे बांधून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. फोक्सवॅगनच्या एका मोटारीतून नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाली. सप्टेंबर २०१५मध्ये उघड झाले, की प्रयोगशाळेत परीक्षा चालू आहे हे ओळखणारी आज्ञावली गाडीतच बसवली होती. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केलेल्या तपासणीनंतर भारतातही कंपनीने ३ लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. परीक्षेपुरते वागणारे विद्यार्थी शिक्षकांना नवे नाहीत. आपली नेहमीची पीयूसी तपासणी तर याहून साधी: डिझेल गाडीच्या धुरातून प्रकाश किती अडतो, एवढेच ती पाहते. ऑक्साइडांचा तिला पत्ताच नसतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलेला डिझेलचा धूर २०१२ साली निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातला आहे.

आता आमची आकडेमोड. गाडी वर्षाला ५००० किलोमीटर धावते, लिटरला १८ किलोमीटर देते. म्हणजे सुमारे २७८ लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ७४५ किलो. लिटरला २० किलोमीटर देणारी नवी पेट्रोल गाडी सुमारे ५८० किलो सोडेल. वाचले १६५ किलो. पण नवी लहान गाडी घडवताना, पोलाद वितळवण्यापासून रंग देण्यापर्यंत, पाचएक टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. तो भरून निघायला तीस वर्षे लागतील! विजेच्या गाडीला याच अंतरासाठी सातेकशे युनिटे लागतील. आपल्या कोळशाच्या विजेचे युनिटमागे ७०० ग्रॅम धरले, तर तेही ५०० किलोंच्या घरात जाते, शिवाय बॅटरी घडवण्याचा बोजा वेगळा. या पट्टीने शेजारी जिंकले: जुनी ठेवा. मात्र हीच गाडी वर्षाला पन्नास हजार किलोमीटर टॅक्सी म्हणून धावत असती, तर तीस वर्षांची तीन झाली असती.

काजळीची पट्टी लावली, की उत्तर फिरते. मानकाच्या कमाल मर्यादेने पाहिले तरी आमची गाडी वर्षाला २५० ग्रॅम काजळी आणि अडीच किलो ऑक्साइडे सोडते. सहाव्या टप्प्याच्या डिझेल गाडीला २३ ग्रॅम आणि ४०० ग्रॅमपेक्षा अधिक मुभा नाही. विजेच्या गाडीच्या मागून तर काहीच निघत नाही. आमचे इंजिन पंधरा वर्षे झिजलेले, तेव्हा खरा आकडा वरच असणार. कार्बन डायऑक्साइड साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. तो साताऱ्यात सुटला काय आणि बर्लिनमध्ये सुटला काय, सारखेच. काजळी मात्र मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते.

तिसरा मार्ग गाडी विकण्याचा. त्याने आमचे दार स्वच्छ होईल, पण काजळी फक्त पत्ता बदलेल. दिल्लीतून हद्दपार झालेल्या कितीतरी गाड्या ना-हरकत दाखले घेऊन दुसऱ्या राज्यांत धावत राहिल्या. अमेरिकेने २००९ साली जुन्या गाड्यांच्या बदल्यात पैसे दिले, तेव्हा हे आधीच ओळखले होते. इंजिनातले तेल काढून सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू करायचे. पाणी उडून जाते, काचेसारखा पदार्थ उरतो आणि काही मिनिटांत इंजिन कायमचे जखडते. पावणेसात लाखांहून अधिक गाड्या अशा संपवल्या. आपल्याकडे २०२१च्या धोरणानुसार गाड्या मोडणारी नोंदणीकृत केंद्रे निघाली. तिथे मिळणारा मोबदला बाजारभावापेक्षा कमी पडतो, हे आम्ही चौकशी करून आलो आहोत.

घरी डिझेल भरल्याची एक वही आहे, पहिल्या दिवसापासूनची. ती काढून आम्ही शेवटच्या वर्षाची अंतरे वेगळी केली. पाच हजारांपैकी तीन हजार पुणे-सातारा महामार्गावरचे निघाले. उरलेले दोन हजार गावातल्या गावात, बहुतेक सकाळचे, थंड इंजिनाने, दोन-तीन किलोमीटरचे. त्यांत शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून थांबणेही आले. हे दोन हजार या महिन्यापासून बंद केले आहेत. मुलगी बसने जाते, आणि बसही डिझेलचीच आहे हे तिने आम्हाला ऐकवले. फेरनोंदणी करायची ठरली आहे, फक्त महामार्गासाठी. गॅरेजवाल्याला सांगून ठेवले आहे, की इंधनाचा पंप किंवा फवारे यांचे मोठे काम निघाले तर करू नकोस, आम्हाला फोन कर. गाडी त्या दिवशी मोडणाऱ्या केंद्रात जाईल. तो म्हणाला, "सर, मलाच द्या की. गावाकडं चालवीन." त्याला अजून उत्तर दिलेले नाही.