रोममधील मांजर-वसाहती

रोम शहरातील मोकळ्या मांजरांचे ठरावीक जागी राहणारे गट आणि त्यांच्या देखभालीची तेथील व्यवस्था. इटलीच्या १४ ऑगस्ट १९९१ च्या कायदा क्र. २८१ ने तिला देशव्यापी आधार दिला. मोकळ्या मांजराचा छळ करण्यास या कायद्याने मनाई आहे. ते गंभीर आजारी किंवा असाध्य रोगाने ग्रस्त असल्याखेरीज त्याला मारता येत नाही. सरकारी पशुवैद्यकांनी त्याची नसबंदी करायची आणि ज्या गटातून आणले त्याच गटात परत सोडायचे, असा दंडक आहे. प्राणिमित्र संस्थांना स्थानिक आरोग्य विभागाशी करार करून वसाहत सांभाळता येते.

परत सोडण्यामागे व्यवहार आहे. मांजरे उचलून नेली तरी उष्टे-खरकटे आणि आडोसा तेथेच राहतो, व नवी मांजरे येऊन ठाण मांडतात. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. वर्षाची होण्याआधीच ती विते, त्यामुळे थोड्या माद्या सुटल्या तरी गट पुन्हा भरतो. नसबंदीनंतर बोक्यांची भांडणे, रात्रीचे ओरडणे आणि उग्र वासाचे मूत्रफवारे कमी होतात. शेजाऱ्यांची कुरकुर बहुधा यांबद्दलच असते. भारतात भटक्या कुत्र्यांसाठी २००१ साली झालेल्या नियमांतही ‘मूळ जागी परत’ हेच तत्त्व होते.

कागदावरचा कायदा रस्त्यावर चालवतात त्या गात्तारा, म्हणजे रोज मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायका. पशुवैद्यकाला पाहून पळणारे मांजर त्यांच्या हाकेला येते, आणि गटात परके मांजर शिरले की ते प्रथम त्यांच्याच ध्यानात येते.

सर्वांत प्रसिद्ध वसाहत लार्गो दी तोर्रे आर्जेंतिना या चौकात आहे. १९२० च्या दशकातील उत्खननात येथे प्रजासत्ताककालीन चार मंदिरे सापडली, इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरचा खून झाला त्या पाँपीच्या सभागृहाचा काही भागही येथेच आहे. अवशेष रस्त्याच्या पातळीखाली असल्याने मांजरांना रहदारीचा उपद्रव नाही. १९९० च्या दशकापासून स्वयंसेवक येथे निवारा चालवतात. अवशेषांत असे बांधकाम नको, म्हणून २०१२ मध्ये पुरातत्त्व खात्याने तो हलवण्यास सांगितले; बराच गदारोळ झाला, पण निवारा टिकला. मात्र नावलौकिकाची झळही बसते: नकोशी झालेली घरची मांजरे लोक येथे आणून टाकतात.

हे दुखणे शहरभराचे आहे. १९९१ ते २००० या काळात रोममध्ये सुमारे ८,००० मांजरांची नसबंदी झाली. १०३ वसाहतींच्या पाहणीत (प्रसिद्धी २००६) एकूण संख्या घटलेली आढळली, परंतु बाहेरून आलेली मांजरे सुमारे २१ टक्के होती. त्यांत काही आपणहून आलेली, तर काही लोकांनी सोडून दिलेली. घरच्या मांजरांच्या प्रजननाला आळा घालण्याबाबत लोकशिक्षण झाले नाही, तर पैसा, वेळ आणि श्रम वाया जातात, असा रोखठोक निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. १९९१ च्या कायद्यातील नसबंदीची तरतूद मोकळ्या मांजरांसाठी आहे. पाळीव मांजराच्या मालकावर नसबंदीची सक्ती त्यात नाही.